टॉटनहॅमच्या मैदानावर मॅच बघायची आहे? तिकिटापासून परतीच्या गाडीपर्यंत

डावा_विंगर (धागाकर्ता)

मे महिन्याच्या सुट्टीत लंडनला जायचं आणि त्यातच इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगची एक मॅच उरकायची, हा बेत बहुतेकदा कॅलेंडरवरच आपटतो. लीग ऑगस्टमध्ये सुरू होते आणि मे संपायच्या आत गुंडाळली जाते. जून-जुलैत या मैदानावर गाण्यांचे कार्यक्रम होतात, फुटबॉल नाही. दिवाळीच्या सुट्टीतही जपून. सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि पुन्हा मार्चमध्ये देशांच्या संघांसाठी लीग मधूनमधून थांबते, त्या शनिवार-रविवारी मैदान रिकामं. नाताळच्या आसपास सामने भरपूर असतात, पण २५ डिसेंबरला लंडनमधली ट्यूब (भुयारी रेल्वे), रेल्वे, बस सगळं बंद आणि २६ला रेल्वे जवळपास बंदच, हे धरून हॉटेल निवडा.

धागा टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबच्या स्टेडियमपुरता ठेवतोय, म्हणजे चर्चा भरकटणार नाही (भरकटेलच, पण तरी). एप्रिल २०१९मध्ये उघडलं, बसायला ६२,८५० जागा. क्लबच्या जुन्या व्हाइट हार्ट लेन मैदानाच्याच जागेवर उभं आहे, म्हणजे शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर नाही, तर उत्तर लंडनच्या दाट वस्तीत. पुढच्या अडचणींपैकी निम्म्या या एका गोष्टीतून येतात.

आधी तारीख. वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं आणि त्यात बहुतेक सामने शनिवारी दुपारी ३चे दिसतात. त्यावर विश्वास ठेवून विमानाचं तिकीट काढू नका. टीव्हीवाले सामने निवडतात तसे ते शुक्रवार रात्र, शनिवार १२:३० किंवा ५:३०, रविवार २ किंवा ४:३०, सोमवार रात्र असे कुठेही सरकतात. हे बदल साधारण पाच-सहा आठवडे आधी कळतात. क्लब गुरुवारी युरोपातली स्पर्धा खेळणार असेल तर शनिवारचा सामना रविवारी जाणार हे गृहीतच धरा. देशांतर्गत कपमध्ये संघ पुढे गेला तर लीगचा सामना महिनाभरही पुढे ढकलला जातो. म्हणून मुक्काम शुक्रवार सकाळ ते मंगळवार असा ठेवावा. मधल्या दिवसांत लंडन बघून संपत नाहीच.

मग तिकीट. खुल्या विक्रीत साध्या जागा क्वचित उरतात. रस्ता असा: क्लबचं सशुल्क सदस्यत्व घ्या, सदस्यांसाठी विक्री कधी उघडते ती तारीख क्लबच्या साइटवर बघा, त्या वेळेच्या अर्धा तास आधी लॉगिन करून ऑनलाइन रांगेत बसा. एका सदस्यत्वावर एक तिकीट. चौघांना जायचं तर चार सदस्यत्वं, आणि चारही खाती आधीच एकमेकांना जोडलेली हवीत. हे जोडकाम विक्रीच्या दिवशी करायला गेलात तर जागा डोळ्यांदेखत जातात. लहान मुलालाही स्वतःचं तिकीट लागतं, मांडीवर बसवून चालत नाही.

पहिल्या फेरीत नाही मिळालं तरी खेळ संपलेला नसतो. सीझन तिकीटवाले ज्या सामन्याला येणार नसतात, त्याची जागा क्लबच्या अधिकृत तिकीट एक्स्चेंजवर टाकतात. त्या जागा सदस्यांना ठरलेल्या दराने मिळतात. सामन्याच्या आधीच्या आठवड्यात, त्यातही शेवटच्या दोन-तीन दिवसांत, एकेकट्या जागा सारख्या वर येत राहतात. एकटा माणूस असेल तर एक्स्चेंजवर तिकीट मिळणं फारसं कठीण नाही. चार शेजारशेजारच्या खुर्च्या मात्र नशिबाचा भाग.

सामन्यांचे ए, बी, सी असे दर्जे असतात. आर्सेनल, चेल्सीसारखा पाहुणा आला की ए, म्हणजे सगळ्यात महाग आणि सगळ्यात दुर्मिळ. पहिल्यांदा जाणाऱ्याने सी दर्जाचा सामना किंवा लीग कपची सुरुवातीची फेरी बघावी. मैदान तेच, क्लबच्या चिन्हातला कोंबडा तोच, खिशाला भोक लहान.

हॉस्पिटॅलिटी हा तिसरा मार्ग. सदस्यत्व लागत नाही, खाणंपिणं त्यातच, खुर्ची गुबगुबीत. माणशी काही शे पौंड जातात. तारीख पक्की, वेळ कमी आणि पैसा जास्त असेल तर हाच मार्ग सरळ. नाक मुरडण्यात अर्थ नाही.

जागा निवडताना: वेस्ट स्टँडमध्ये खेळाडूंचा बोगदा आणि दोन्ही संघांची बाकं, तिथे महाग जागा जास्त. ईस्ट स्टँड समोरचा, त्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबर किंवा एप्रिलमध्ये संध्याकाळच्या सामन्याला ऊन थेट डोळ्यांत येतं, टोपी घ्या. साउथ स्टँड गोलमागचा, घरच्या पाठीराख्यांचा बालेकिल्ला. पाहुण्या संघाचे पाठीराखे ईशान्य कोपऱ्यात. डावपेच बघायचे असतील तर पाचशेच्या क्रमांकांचे वरचे ब्लॉक झकास: बचावफळी कशी पुढेमागे सरकते, फुलबॅक (कडेचा बचावपटू) कधी आत येतो हे टीव्हीवर कधीच दिसत नाही. अगदी पुढच्या रांगा फोटोला चांगल्या, पण दूरचा गोल नुसता गर्दीसारखा दिसतो आणि पावसात वारा असेल तर छप्पर असूनही भिजता.

आता बाकीच्यांनी भर घाला. प्रवासावर नंतर लिहितो.

खिडकीतली_मनी

माहितीपूर्ण धागा. फोन आणि कार्ड यावर लिहिते, कारण भारतातून येणारी मंडळी गेटवर अडकतात ती इथेच.

तिकीट कागदावर येत नाही, पीडीएफही नाही. फोनच्या वॉलेटमध्ये पास उतरवायचा आणि गेटवरच्या यंत्राला फोन टेकवायचा. हे एनएफसीवर, म्हणजे फोनमधल्या जवळच्या अंतरावर चालणाऱ्या बिनतारी चिपवर चालतं. म्हणून स्क्रीनशॉटचा काडीचा उपयोग नाही. अडचण अशी की भारतात मिळणाऱ्या मध्यम किमतीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये एनएफसी नसतंच. सेटिंगमध्ये जाऊन 'एनएफसी' शोधा. नसेल तर सामन्याच्या दिवसाची वाट न बघता क्लबच्या तिकीट विभागाला आधी कळवा. असेल तर चालू आहे ना बघा, अनेकांनी बॅटरी वाचवायला बंद करून ठेवलेलं असतं. गूगल वॉलेट भारतात २०२४ पासून मिळतं, ते घरूनच उतरवून ठेवा.

पास घरच्या किंवा हॉटेलच्या वायफायवरच वॉलेटमध्ये घ्या. मैदानाजवळ साठ हजार माणसं एकाच वेळी फोन काढतात, तेव्हा नेटच्या भरवशावर राहू नये. पास एकदा वॉलेटमध्ये आला की टेकवायला नेट लागत नाही. बॅटरी मात्र लागते. थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि सकाळभर नकाशे, फोटो झालेले असतात. दुपारी चारच्या मॅचला फोन ३० टक्क्यांवर नेऊ नका.

एका फोनवर चौघांचे पास ठेवले तर एकेक उघडून टेकवत बसावं लागतं, मागची रांग करवादते. ज्याचा पास त्याच्या फोनवर हवा. मुलांचे पास मोठ्यांच्या फोनवर असतील तर आधी मुलाचा टेकवून त्याला आत सोडा, मग स्वतःचा. उलट केलंत तर तुम्ही आत, पोरगं बाहेर आणि टर्नस्टाइल उलटा फिरत नाही.

पैसे: आत रोख रक्कम चालतच नाही. फक्त कार्ड किंवा फोन. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी बँकेच्या अॅपमध्ये वेगवेगळ्या चालू कराव्या लागतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठीच चालू असतं. मर्यादाही तिथेच ठरवा. यूपीआय विसरा. फॉरेक्स कार्ड उत्तम, कारण परकीय चलनाचा अधिभार वाचतो.

वानखेडेवर नाणी गेटवर काढून घेतात. इथे नाणी आत न्या खुशाल, विकत काही मिळणार नाही.

ठाण्याचा_राघू

वाचनखूण साठवली. दोन शंका. शाकाहारी माणसाची उपासमार होते का? आणि सोबत सात वर्षांचा मुलगा असेल तर साउथ स्टँड चालेल का? तिथली तिकिटं स्वस्त दिसतात.

डावा_विंगर

राघू, उपासमार नाही. चिप्स तर आहेतच, शाकाहारी पर्याय बहुतेक काउंटरच्या फलकावर लिहिलेले असतात. पण मध्यंतर अवघं १५ मिनिटांचं. त्यात स्वच्छतागृहाची रांग आणि खाण्याची रांग अशा दोन्ही गोष्टी बसत नाहीत. म्हणून खाणं सामन्याआधी आत जाऊन उरका. नाहीतर ४०व्या मिनिटाला उठा, पण मग नेमका त्याच वेळी गोल होतो असा अलिखित नियम आहे.

साउथ स्टँडचं 'गोलपोस्टमागचा' सांगतील, तो त्यांचा प्रांत.

गोलपोस्टमागचा

सात वर्षांच्या मुलाला साउथ स्टँडच्या खालच्या भागात नेऊ नका. मुलाला समोरच्याची पाठ दिसेल, बास.

कारण समजून घ्या. साउथ स्टँड म्हणजे १७,५०० खुर्च्यांची एकच सलग भिंत. मध्ये मजला नाही, बॉक्स नाहीत. ब्रिटनमध्ये एका मजल्याचा एवढा मोठा स्टँड दुसरा नाही. उतारही परवानगीच्या टोकाला, ३४ अंशांच्या आसपास. आवाज वर अडकून खाली मैदानावर यावा यासाठीच हे सगळं. इथला माणूस बसायला आलेलाच नसतो.

इंग्लंडमध्ये उभं राहण्याचा इतिहास जड आहे. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत ९७ लिव्हरपूल समर्थकांचा जीव गेला. त्यानंतरच्या टेलर अहवालामुळे वरच्या दोन विभागांतल्या क्लबांना सगळीकडे खुर्च्या बसवाव्या लागल्या. पण लोक उभे राहतच होते, खुर्च्यांसमोर, आधाराशिवाय. धोका तिथे होता: गोल झाला की मागचा पुढच्याच्या अंगावर. म्हणून आता 'रेल सीट' आल्या. प्रत्येक रांगेत कमरेच्या उंचीला लोखंडी कठडा आणि त्याच्यातच दुमडणारी खुर्ची. जानेवारी २०२२मध्ये सरकारने पाच क्लबांना चाचणी म्हणून अधिकृतपणे उभं राहू दिलं, त्यांत टॉटनहॅम होतं. इथे मैदान बांधतानाच कठड्यांची तरतूद केलेली होती, त्यामुळे तोडफोड करावी लागली नाही.

म्हणजे व्यवहारात काय? तिकिटावर 'सेफ स्टँडिंग' असं लिहिलं असेल तर ९० मिनिटं उभं राहायचं. तरी जागा ठरलेलीच, एका खुर्चीमागे एक माणूस. मित्राच्या रांगेत जाऊन घुसायचं नाही, मैदानावरचे कर्मचारी मागे पाठवतात. कठड्यावर चढणं, मुलाला कठड्यावर बसवणं बंद. उंची कमी असेल, गुडघे दुखत असतील, तर हा भाग टाळा.

मुलांसाठी नॉर्थ किंवा ईस्ट स्टँड बघा. फॅमिली विभाग असतो, तिथे शिव्यांचं प्रमाणही जरा सहन होण्याजोगं.

आणि कपडे. घरच्या विभागात पाहुण्या संघाची जर्सी किंवा मफलर घालून आलात तर बाहेर काढतात, पैसे परत नाहीत. पाहुण्यांचा गोल झाल्यावर उडी मारलीत तरी तेच. लिव्हरपूलचे चाहते असाल आणि तिकीट टॉटनहॅमच्या बाजूचं असेल तर हात मांडीखाली दाबून बसा. पाहुण्यांच्या विभागातलं तिकीट ३० पौंडांपेक्षा महाग नसतं, २०१६-१७ पासून लीगने तशी मर्यादाच घातली आहे. पण ती तिकिटं त्या-त्या क्लबाच्या जुन्या, फिरत्या पाठीराख्यांना आधी मिळतात. पर्यटकाने त्यांच्या मागे लागू नये. रस्त्यावर विकतात तो अर्धा-अर्धा दोन्ही संघांचा मफलर घेतलात तर कोणी काही करणार नाही, फक्त आजूबाजूचे कीव करतील.

अवांतरवाले_काका

अवांतर आहे, पण मैदानाचा धागा आहे आणि मैदानाबद्दल कोणी बोलेना म्हणून.

तुमच्या डोळ्यांसमोरचं गवत सरकतं. खाली दीडेक मीटरवर अमेरिकन फुटबॉलसाठी कृत्रिम गवताचं दुसरं मैदान आहे. एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉल लीगचा) सामना असला की वरचं खरं गवत तीन लांब तुकड्यांत सुटतं आणि साउथ स्टँडच्या पोटात जातं. प्रत्येक तुकडा तीन हजार टनांहून जड, तरी काम साधारण २५ मिनिटांत होतं. तीनच तुकडे का? कारण साउथ स्टँड दोन प्रचंड पोलादी झाडांसारख्या खांबांवर तोललेला आहे आणि गवताला त्या खांबांच्या आजूबाजूने आत जावं लागतं. खालचं मैदान खोल का? अमेरिकन फुटबॉलमध्ये कडेला पन्नासेक खेळाडू आणि प्रशिक्षक उभे असतात. मैदान त्याच पातळीवर ठेवलं असतं तर पहिल्या दहा रांगांना फक्त पाठी दिसल्या असत्या. आत गेलेल्या गवताला दिवे आणि पाणी देण्याची सोय तिथेच आहे.

साउथ स्टँडच्या माथ्यावरचा सोनेरी कोंबडा बघायला विसरू नका. चेंडूवर उभा आहे.

नेरूळकर

एका रिसेल साइटवर दोन तिकिटं दिसतायत, प्रत्येकी २४० पौंड. 'सामन्याच्या दोन तास आधी ईमेलने मिळतील' असं लिहिलंय. घ्यावीत का? साइट तर चांगली मोठी वाटते.

काटेकोर

नेरूळकर, नका घेऊ.

इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलचं तिकीट क्लबच्या परवानगीशिवाय विकणं हा फौजदारी गुन्हा आहे, १९९४च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर कायद्याचं १६६वं कलम. गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट पुन्हा विकणं वेगळं, फुटबॉलचं वेगळं. साइट मोठी असली, परदेशात नोंदलेली असली, तरी क्लबला तो सौदा मान्य नसतो. घेणाऱ्याला कोणी तुरुंगात टाकत नाही, पण गेटवर पास बंद झाला तर भांडायला जागाच नाही.

संशयास्पद तिकीट ओळखायच्या खुणा:

रांग आणि खुर्ची क्रमांक सांगत नाहीत, फक्त 'लोअर टिअर, गोलमागे' असं मोघम. पास सामन्याच्या तोंडावरच देणार. दुसऱ्याच्या सदस्य खात्याचं लॉगिन तुम्हाला देऊन 'याने आत जा, नंतर लॉगआउट करा' सांगणार, किंवा कोणाचा तरी फोनच हातात देऊन मॅचनंतर परत मागणार. विचारलंच तर अमुक नाव सांगा, असं पढवून ठेवणार. यातलं एक जरी असेल तर सोडून द्या. समाजमाध्यमांवर 'आजारी पडलोय, खरेदी किमतीला देतो' असं लिहिणारे तर बहुतेक भामटेच. ज्याला खरंच जमत नाही, तो जागा क्लबच्या एक्स्चेंजवर टाकतो.

२४० पौंड खर्चायची तयारी असेल तर थोडी भर घालून स्वस्तातली हॉस्पिटॅलिटी बघा. निदान आत तरी जाल.

कायद्याचंच चाललंय तर बिअरचंही सांगतो, कारण यावरून वाद घालणारे आपले लोक बरेच. १९८५च्या कायद्यानुसार फुटबॉल सामन्यात मैदान दिसेल अशा जागी दारू घेऊन जाता येत नाही. सामन्याआधी दोन तासांपासून संपल्यावर एक तासापर्यंत हा नियम. खुर्चीवर नाही, जिन्याच्या तोंडाशीही नाही. मागच्या कॉरिडॉरमध्ये, मैदानाकडे भिंत असेल तिथे प्या. त्याच खुर्चीवर, त्याच मैदानात एनएफएलच्या सामन्याला ग्लास घेऊन बसता येतं; कायदा फुटबॉलपुरताच आहे.

धुराच्या कांड्या जवळ बाळगणं आणि मैदानात उतरणं हेही गुन्हेच. व्हिसावर आलेल्या माणसाने रीलसाठी कुंपण ओलांडू नये.

म्युनिकचा_मोरू

कायद्याची गंमत बघा. जर्मनीत बिअर थेट खुर्चीवर घेऊन बसतात, उभं राहण्याचे स्टँडही कधी बंद झाले नाहीत. फक्त ग्लासवर अनामत रक्कम असते, ती परत घ्यायला विसरू नका. बाकी तुमचं चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अवांतरवाले_काका

मोरू, टॉटनहॅमचा ग्लास बघितलास का? तळातून भरतो. ग्लासच्या बुडाला भोक आणि त्यावर चुंबकाची चकती. यंत्राच्या तोटीवर ग्लास दाबला की चकती वर उचलली जाते, बिअर खालून वर चढते, ग्लास उचलला की चकती चिकटून भोक बंद. भरणाऱ्याला हात धरून थांबावं लागत नाही, म्हणून एक माणूस एकावेळी अनेक ग्लास लावतो आणि रांग पटापट सरकते. साउथ स्टँडखालचा बार ६५ मीटर लांब आहे, तिथे याचा अर्थ कळतो. सूचना एकच: बुडाला बोट लावून चकती ढकलून बघू नये. पॅन्ट ओली होते.

सोलापुरी_चादर

सोबत सत्तरीचे वडील असतील तर कसं जावं? स्टेशनांची नावं वाचून डोकं फिरलं. चार स्टेशनं दिसतात, कुठलं धरायचं?

डावा_विंगर

आलो प्रवासावर.

व्हाइट हार्ट लेन स्टेशन सगळ्यात जवळ, पाच मिनिटं चाल. लंडनमधल्याच लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून ओव्हरग्राउंड या शहरी रेल्वेची वीव्हर लाइन, साधारण २५ मिनिटं. २०१९मध्ये स्टेशन नव्याने बांधलं, लिफ्ट आहेत. ट्यूबच्या व्हिक्टोरिया लाइनवरून येणार असाल तर सेव्हन सिस्टर्सला उतरून तीच वीव्हर लाइन पकडा, दुसरं स्टेशन. पण सेव्हन सिस्टर्सला पायऱ्या चुकत नाहीत. वडिलांसाठी थेट लिव्हरपूल स्ट्रीटच बरं.

नॉर्थम्बरलंड पार्क मैदानाच्या पूर्वेला, दहाएक मिनिटं चाल. टॉटनहॅम हेलहून एकच स्टेशन, पण गाड्या कमी.

सेव्हन सिस्टर्स आणि टॉटनहॅम हेल, दोन्हीकडून चालत अर्धा तास. तरण्या माणसाने सेव्हन सिस्टर्सला उतरून हाय रोडने सरळ उत्तरेकडे चालत जावं. वाटेत तुर्की, कॅरिबियन, आफ्रिकी खाण्याची दुकानं, मैदानातल्यापेक्षा स्वस्त. १४९, २५९, २७९ या बसही हाय रोडवरूनच जातात, पण सामन्याच्या आधी आणि नंतर मैदानासमोरचा रस्ता वाहनांना बंद होतो आणि बस अलीकडेच थांबतात किंवा वळवतात. टॅक्सीचंही तेच. गाडी आणायचा विचार करू नका, आसपासच्या गल्ल्यांत सामन्याच्या दिवशी फक्त रहिवाशांच्या परवान्यावर पार्किंग.

रविवारी जाणार असाल तर त्या दिवशी रेल्वेची दुरुस्ती आहे का ते आदल्या दिवशी टीएफएलच्या (लंडनच्या वाहतूक संस्थेच्या) साइटवर बघा. लिव्हरपूल स्ट्रीटची लाइन रविवारी अधूनमधून बंद ठेवतात. आणि स्टेशनात आत जाताना-बाहेर पडताना एकच कार्ड टेकवा. जाताना फोन, येताना कार्ड असं केलंत तर दोन अर्धवट प्रवास धरून जास्तीचं भाडं कापतात.

पिशवी ए४ कागदापेक्षा मोठी नको, म्हणजे २१ बाय ३० सेंटिमीटर. पाठीवरची सॅक हॉटेलवर ठेवा. विमानतळावरून परस्पर बॅगांसकट मैदानात यायचा विचार तर करूच नका. मोठी लेन्स, सेल्फीची काठी, लांब छत्री, काचेची किंवा धातूची बाटली, सगळं गेटवर अडतं.

वडिलांसाठी तिकीट काढताना खालचा मजला आणि रांगेच्या कडेची खुर्ची निवडा. वरच्या मजल्याला उतार तीव्र आणि पायऱ्या अरुंद. ज्यांना चालणं खरंच अवघड आहे त्यांच्यासाठी सहज पोहोचता येणाऱ्या जागा वेगळ्या विकतात, त्यासाठी तिकीट विभागाशी आधी बोलावं लागतं.

गोलपोस्टमागचा

जाण्याचं ठीक, खरी परीक्षा येण्याची. शिट्टी वाजली की व्हाइट हार्ट लेनची रांग स्टेशनच्या दारापासून सुरू होते आणि रस्त्यावर वळसे घेत मागे येते. पोलीस आणि कर्मचारी गाडी आली की तेवढीच माणसं आत सोडतात. एका गाडीत हजारभर माणसं गेली असं धरा आणि मागे किती हजार उभे आहेत ते बघा, म्हणजे तासाचा हिशेब कळेल. रांग चुकीची नाही. प्लॅटफॉर्मवर चेंगरण्यापेक्षा रस्त्यावर थांबलेलं बरं म्हणूनच ती आहे.

खिडकीतली_मनी

म्हणून ८५व्या मिनिटालाच निघावं. वडील सोबत असतील तर नक्कीच.

गोलपोस्टमागचा

ताई, एवढे पैसे मोजून शेवटची दहा मिनिटं टाकायची? आता भरपाईची वेळही सात-आठ मिनिटं सहज होते. उलट करा. बसून राहा. आतले बार सामन्यानंतरही काही वेळ चालू असतात, दुसऱ्या सामन्यांचे निकाल पडद्यावर येतात. पाऊण तासाने निघालात तर रांग निम्मी. किंवा चालत सेव्हन सिस्टर्स गाठा. अर्ध्या तासाची चाल तासाभराच्या रांगेपेक्षा परवडते, आणि तिथे ट्यूबच्या गाड्या दर दोन-तीन मिनिटांनी. शुक्रवारी-शनिवारी व्हिक्टोरिया लाइन रात्रभर चालते.

खिडकीतली_मनी

सत्तरीच्या माणसाला अर्धा तास चालवणार, तेही डिसेंबरात? बसून राहण्याचा उपाय मान्य. चालण्याचा नाही.

काटेकोर

डिसेंबरचा विषय निघालाच आहे तर: चार वाजता अंधार होतो, पाच-सात अंश तापमान आणि दोन तास न हलता बसायचं. जाड जॅकेटपेक्षा आत दोन थर आणि लोकरीचे मोजे महत्त्वाचे. थंडी काँक्रीटमधून तळव्यांतून चढते.

ठाण्याचा_राघू

सगळ्यांचे आभार. ईस्ट स्टँडचं बघतो. शेवटचं एक: टीव्हीवर सवय झालेल्या माणसाला तिथे नेमकं काय झालं हे कळतं का? ऑफसाइड, व्हीएआर (व्हिडिओ बघून पंचांना मदत) वगैरे?

डावा_विंगर

समालोचन नसतं, रिप्लेही मोजकेच. चार मोठे पडदे आहेत, त्यावर 'तपासणी चालू' एवढं येतं. २०२५-२६ च्या मोसमापासून पंच मॉनिटर बघून आल्यावर निर्णय माइकवर जाहीर करतो, त्याआधी लोक अंदाजच बांधत बसायचे. ऑफसाइड ठरवणारी अर्धस्वयंचलित यंत्रणा एप्रिल २०२५पासून आहे, त्यामुळे रेषा आखत बसण्याचा वेळ वाचतो. गोल झाल्यावर आधी लाइन्समनचा झेंडा बघा, मग नाचा.

चेंडूवरून नजर काढायला शिका. कॉर्नरच्या वेळी चेंडू मारला जायच्या आधी गोलरक्षकासमोर काय ढकलाढकली चालते ते बघा, टीव्हीचा कॅमेरा तेव्हा कॉर्नर घेणाऱ्यावर असतो.

सोलापुरी_चादर

जर्सी आणि मैदानाची टूर मॅचच्याच दिवशी उरकता येईल का?

खिडकीतली_मनी

नेहमीची टूर मॅचच्या दिवशी नसते. दुकान हाय रोडवरच आहे, प्रचंड मोठं, पण सामन्याआधी दोन तास आत शिरायलाच रांग आणि पाठीवर नाव छापून घ्यायला आणखी एक. दुसऱ्या दिवशी टूर आणि जर्सी एकत्र करा. मंगळवारपर्यंत मुक्काम ठेवलात तर जमतंय.